नृसिंह लाल हवाय, टोमॅटो नको! रंगभूषेबद्दल सल्ला द्या

मधला_अंक । ९ ऑगस्ट, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा 'प्रल्हाद' करतोय. चाळीस मिनिटांचं नाटुकलं, लहान-मोठे मिळून चौदा जण. लिहिलंय मीच, त्यामुळे संहितेला नावं ठेवायची सोय नाही. प्रयोग ३ सप्टेंबरला, पार्किंगमधल्या मांडवात.

नृसिंह करणारे काका (खरं तर माझ्याहून सहाच वर्षांनी मोठे, पण सोसायटीत सगळे काकाच) बँकेत आहेत. सहा फूट उंची, खर्जातला आवाज. खांबातून बाहेर आल्यावर चेहरा लालभडक, रागानं पेटलेला दिसायला हवा. मुखवटा नकोय, कारण शेवटी प्रल्हादाला मांडीवर घेताना तोच चेहरा निवळतो, आणि ते दिसलं पाहिजे.

गेल्या वर्षी आम्ही रावण लाल केला होता. ऑनलाइन मागवलेली दहा रंगांची डबी, मुलांच्या वाढदिवसाला वापरतात तसली. पहिल्या प्रवेशात टोमॅटो आणि दुसऱ्या प्रवेशात टोमॅटोचं सार. ओघळ पार उपरण्यापर्यंत. पुढच्या रांगेतली पोरं सीतेसाठी रडायच्या ऐवजी हसत होती.

यंदा नाटकवाले वापरतात तो खरा रंग आणायचाय. खर्च दोन-अडीच हजारांपर्यंत चालेल. कुठला आणू आणि कसा लावू?

---

आगाऊ_कार्टा । ९ ऑगस्ट, रात्री ११:३१

बँकेतल्या माणसाचा चेहरा लाल करायला रंग कशाला? प्रयोगाआधी सर्व्हर बंद पडलाय म्हणून सांगा.

(हलके घ्या.)

---

चकलीचा_सोऱ्या । १० ऑगस्ट, सकाळी ७:०५

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे नवरात्रात महिषासुर आहे.

---

रंगपेटी । १० ऑगस्ट, दुपारी ३:४८

बावीस वर्षं रंगभूषा करतेय, राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी संघांपासून शाळांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी रंग. तुम्हाला दोन जातींतून निवडायचंय. पाण्यात कालवायचा आणि तेलकट. क्रायोलनचं नाव तुम्ही ऐकलं असेलच, १९४५ साली बर्लिनमध्ये निघालेली कंपनी. आपल्याकडे नाटक-सिनेमाच्या रंगभूषेचं सामान विकणाऱ्या दुकानांत सहज मिळतं. त्यांचं अ‍ॅक्वाकलर पाण्याचं आणि सुप्राकलर तेलकट. पाण्याचा रंग लावायला सोपा, लगेच वाळतो, धुतलाही पटकन जातो. पण सप्टेंबरातला मांडव आणि सहा फुटी माणूस म्हटल्यावर घाम येणार, आणि घाम म्हणजे पाणीच. तुमच्या रावणाचं सार त्यामुळेच झालं. तुम्ही तेलकट घ्या. लाल, काळा, नारिंगी, पिवळा आणि गडद मरून. लाल सोडून बाकी सगळे अगदी लहान डबीत. शिवाय बिनरंगी पावडर भरपूर. पैसे वाचवायचे तर लाल डबीवर वाचवा, पावडरीवर नको.

आता लावणं.

काकांनी दाढी सकाळीच करायची, रंगायच्या तासभर आधी नाही. ताज्या वस्तऱ्यावर रंग लावला की काका खांबाच्या आधीच फुटतील. तोंड धुऊन हलकं मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबा.

आयाळ कपाळाला आणि गालाच्या कडेला चिकटवणार असाल तर ती आत्ता, कोऱ्या त्वचेवर. स्पिरिट गम, म्हणजे केस चिकटवायचा डिंक, तेलकट रंगावर धरत नाही. आधी रंग आणि मग केस असा उलटा क्रम केला की ऐन गर्जनेत मिशी हातात येते. पाहिलंय मी.

मग दाढीची जागा. गोऱ्या माणसाचीही दाढीची जागा निळसर-करडी असते. त्यावर थेट लाल लावला तर तिथे वांग्याचा रंग दिसतो आणि बाकी चेहरा वेगळाच. म्हणून तेवढ्या भागावर आधी नारिंगीचा पातळ हात, आणि त्यावर पावडर दाबून घ्यायची. मगच लाल.

लाल लावताना ओढायचा नाही, थापायचा. स्पंजानं थप-थप-थप. ओढलात तर खालचा नारिंगी वर येतो आणि पट्टे पडतात. पातळ दोन थर द्या, जाड एक नको. जाड थर हसताना भेगाळतो, आणि नृसिंहाला शेवटी हसायचंय ना! कान, कानामागची जागा, गळा, मान आणि हातांचे पंजे विसरू नका. चेहरा लाल आणि कान गव्हाळ असे किती राक्षस मी पाहिलेत, मोजदाद नाही.

इतकं झालं की तुमचा टोमॅटो तयार. आता त्याचा नृसिंह करायचा. डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालफडाखाली आणि भुवयांच्या मध्ये मरून. भुवईचं हाड, नाकाचा दांडा, गालाचा उंचवटा आणि हनुवटीवर नारिंगी, त्यातही अगदी टोकाला पिवळ्याचा ठिपका. कडा बोटानं विरवून टाका. मग काळा, तो मात्र विरवायचा नाही, ठाम रेघा. लाल चेहरा लाल रंगानं होत नाही हो, तो अर्धा काळ्यानं आणि पाव पिवळ्यानं होतो.

शेवटी पावडर. पावडरच्या पफनं दाबत जायचं, घासायचं नाही. पाच मिनिटं तशीच ठेवून मऊ ब्रशनं जास्तीची झटका, मग ओल्या स्पंजानं हलकेच टिपा, पांढरट झाक जाते. बोट लावून बघा. बोट लाल झालं तर पुन्हा पावडर. प्रल्हाद मांडीवर बसणार आहे, त्याचं सोवळं पांढरं असेल तर ही परीक्षा टाळू नका.

आणि आरशात बघून समाधान मानू नका. पंधराव्या खुर्चीवर जाऊन बसा आणि तिथून बघा.

---

चकलीचा_सोऱ्या । १० ऑगस्ट, दुपारी ४:२०

रंगपेटीताई, दंडवत! हे वेगळ्या लेखात टाका ना.

---

मधला_अंक । १० ऑगस्ट, रात्री ९:१५

ताई, अनेक आभार. छापून काढून काकांच्या दारावर चिकटवतो.

एक अडचण. काकांना दाढी आहे, आणि ती ते काढणार नाहीत. मुलीच्या लग्नापर्यंत ठेवायचा काहीतरी पण आहे.

---

रंगपेटी । १० ऑगस्ट, रात्री ९:४०

मग उत्तमच की. नारिंगीचं काम वाचलं. दाढीवर आयाळीच्या रंगाचे चार-सहा फटकारे मारा आणि आयाळ दाढीतच मिसळून टाका. फक्त गालावर दाढी जिथे सुरू होते तिथे लाल रंग केसांत थोडा घुसवा, कड दिसता कामा नये.

---

वेंगुर्ल्याचो_झील । ११ ऑगस्ट, सकाळी ११:०२

गाववाल्यांनु, वायच माझा पण आयका. आमच्या दशावतारात रंगवणारो वेगळो नसता. ज्याचा तोंड त्याकाच रंगवूचा लागता.

प्रमाण मराठीत सांगतो. माझे मामा दशावतारात काम करायचे. देवळाच्या मागच्या बाजूला एका ओळीत बसून सगळे आपापला आरसा धरून रंगायचे, राजा, राक्षस, स्त्रीपार्टी सगळेच. मामांची एक गोष्ट मला पक्की आठवते. राक्षस असला की रेघा मारायच्या आधी ते आरशात तोंड वेडंवाकडं करून तसंच धरून ठेवायचे. कपाळाला, नाकाजवळ जिथे घडी पडेल तिथेच काळी रेघ. मग चेहरा शांत असला की रेघा नुसत्या पडून राहतात, आणि ओरडला की एकदम जाग्या होतात.

तुमच्या काकांना गर्जना करून थांबायला सांगा. मग काळा उचला.

---

रंगपेटी । ११ ऑगस्ट, सकाळी ११:३०

झीलभाऊ, हे मी लिहायला हवं होतं. +१००. पुस्तकातल्या नकाशाप्रमाणे रेघा मारल्या की चेहरा एकीकडे ओरडतो आणि रेघा दुसरीकडे.

---

फिल्टर_कॉफी । ११ ऑगस्ट, दुपारी १:१७

नोकरीमुळे नऊ वर्षं केरळात आहे, म्हणून कथकलीचं थोडं. तिथे लाल दाढीवाले असा पात्रांचा एक वर्गच आहे, चुवन्न ताडी. दुःशासन त्यातला, आणि वाली-सुग्रीवसुद्धा. म्हणजे लाल म्हणजे दुष्टच असं नाही, आवरता न येणारी ताकद असं म्हणा. गंमत बघा, त्या चेहऱ्यावरही लाल एकटा नसतो. डोळ्याभोवती काळं, ओठ काळे, नाकावर पांढरा गोळा आणि गालावर पांढरे कागदी पंख. लाल उठून दिसतो तो या शेजाऱ्यांमुळे. रंगायला तीन-चार तास सहज जातात, आणि काही काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं असल्यानं नट चक्क आडवा झोपलेला असतो.

डोळ्यांचा पांढरा भागही ते लाल करतात. चुंडा म्हणून एक झाड आहे, त्याच्या फुलातलं (चुंडप्पू) प्रक्रिया केलेलं बी खालच्या पापणीत ठेवतात. हे घरी करायचं नाही हे सांगायला नको, तरी सांगतो.

अवांतर: आपल्या तंजावरच्या मराठी राजांनी ज्याला आश्रय दिला तो भागवत मेळा (नृत्यनाट्याचा प्रकार) तंजावरजवळच्या मेलट्टूरला अजून होतो, नृसिंह जयंतीच्या सुमारास. प्रल्हादाचंच आख्यान. पण तिथे नृसिंहाला मुखवटा असतो, आणि त्या मुखवट्याची पूजा होते.

---

त्वचेवाली । ११ ऑगस्ट, रात्री १०:०८

त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडी रसभंग करणारी प्रतिक्रिया.

१) रंग आणलात की काकांच्या कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावून चोवीस तास ठेवा. स्पिरिट गमचंही तसंच. खाज किंवा पुरळ आलं तर तो रंग नाही. हे प्रयोगाच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी.

२) कोणी हौशी माणूस शेंदूर सुचवेल. नको. बाजारातल्या शेंदरात शिशाचं संयुग असू शकतं. हिंगूळ तर पाऱ्याचाच. पूर्वी रंगभूमीवर हे सगळं तोंडाला फासत, आणि त्याची किंमत नटांच्या शरीरानं मोजली. गुलाल, पोस्टर कलर, कापडाचा रंग यांतलं काहीच त्वचेसाठी बनवलेलं नसतं.

३) लाल रंगद्रव्यांपैकी काही डोळ्यांजवळ वापरायला चालत नाहीत. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. साधारणपणे लोहाच्या ऑक्साइडचा विटकरी लाल (घटकांत ७७४९१ क्रमांक) डोळ्यांजवळ चालतो. भडक लाल असेल तर पापणीच्या अलीकडे थांबा आणि तिथे काळा-मरून वापरा. रंगपेटींनी सांगितलेल्या खोबणीत नाहीतरी तेच आहे.

४) रंग पक्का करायचा फवारा मारणार असाल तर डोळे-तोंड मिटून, हातभर अंतरावरून, पंखा चालू ठेवून. त्यात अल्कोहोल असतं. कोणाला दमा असेल तर तो माणूस त्या खोलीत नको.

---

मधला_अंक । १२ ऑगस्ट, सकाळी ८:५०

डॉक्टर, खूप आभार. तुमच्या घटकांच्या मुद्द्यावरून विचारतो. आमचे नृसिंह माळकरी आहेत. त्यांना कोणीतरी सांगितलं की लाल रंग किड्यांपासून करतात. खरं का?

---

त्वचेवाली । १२ ऑगस्ट, दुपारी १२:३०

काही लाल, हो. कोचिनील नावाचा निवडुंगावर वाढणारा किडा, त्यापासून कार्माइन बनतं. घटकांत ७५४७० हा क्रमांक दिसला तर ते कार्माइन. सगळ्याच लाल रंगांत नसतं. दुकानात डबी उलटी करून बघा, नसेल तो घ्या.

---

आगाऊ_कार्टा । १२ ऑगस्ट, दुपारी १२:४४

म्हणजे हिरण्यकशिपूचं पोट फाडायला हरकत नाही, किड्याला मात्र धक्का लागता कामा नये.

---

मधला_अंक । १२ ऑगस्ट, दुपारी १:०२

काकांना वाचून दाखवलं. हसले. पण डबी उलटी करूनच घेणार म्हणाले.

---

उजेडवाला । १४ ऑगस्ट, रात्री १२:२६

धागा उशिरा पाहिला. सगळे रंगाबद्दल बोलताहेत, एकानंही विचारलं नाही की प्रकाश कुठला आहे? मांडवात दिवे कोणाचे?

---

मधला_अंक । १४ ऑगस्ट, सकाळी ७:३५

डेकोरेटरचे. सहा एलईडी पार (रंगमंचावरचे झोताचे दिवे), हवा तो रंग करता येतो. खांब फुटतो तेव्हा सगळं लाल करायचं ठरलंय. राग दाखवायला.

---

उजेडवाला । १४ ऑगस्ट, सकाळी ९:१०

हेच होणार याची खात्री होती. लाल चेहऱ्यावर लाल प्रकाश टाकलात की चेहरा लाल दिसत नाही, पुसला जातो.

कारण सोपं आहे. लाल रंग लाल उजेड परत फेकतो. पांढरा रंगही लाल उजेड परत फेकतो. फक्त लालच उजेड असेल तर डोळ्याला दोघांत फरक करायला काही उरतच नाही. लाल गाल आणि प्रल्हादाचं पांढरं सोवळं जवळपास एकसारखं दिसेल. एलईडीत तर हे जास्तच जाणवतं, कारण तिचा लाल एकदम चोख असतो, त्यात बाकी रंगांची भेसळ नसते.

घरी करून बघा. बायकोची कुंकवाची डबी घ्या, पांढऱ्या कागदावर बोटानं लाल ठिपका द्या. खोलीत अंधार करा, मोबाइलवर पूर्ण लाल चित्र लावून त्याचा उजेड कागदावर पाडा. ठिपका शोधत बसाल. मग हिरवं चित्र लावा. तोच ठिपका काळाकुट्ट.

ही युक्ती जुनी आहे. १९३१ सालच्या 'डॉ. जेकिल अँड मि. हाइड' या सिनेमात कार्ल स्ट्रस या छायाचित्रकारानं नटाच्या तोंडावर लाल रंगात सुरकुत्या काढल्या होत्या. कॅमेऱ्यापुढे रंगीत काच. एका रंगाच्या काचेत सुरकुत्या दिसतच नाहीत, काच बदलत नेली की सज्जन डॉक्टरच्या चेहऱ्यावर त्या उमटत जातात. कट नाही, काही नाही. कृष्णधवल सिनेमा होता म्हणून खपलं, प्रेक्षकांना रंग दिसतच नव्हता.

तुम्ही हेच उलटं वापरा ना. खांब फुटतो तेव्हा समोरचे सगळे दिवे बंद. फक्त बाजूनं एक हिरवट-निळा, अगदी मंद. काकांचा लाल चेहरा त्यात काळा दिसेल, डोळे आणि दात तेवढे चमकतील. पहिली गर्जना अंधारात. मग समोरून अंबर, म्हणजे पिवळट-नारिंगी, चार-पाच सेकंदांत हळूहळू वाढवत न्या. चेहरा डोळ्यांदेखत काळ्याचा लाल होईल. तुमच्या लाल दिव्याची हौस मागच्या पडद्यावर भागवा, माणसावर नाही.

---

रंगपेटी । १४ ऑगस्ट, सकाळी १०:०२

मी इतकी वर्षं प्रकाशयोजनाकारांशी भांडले ते याचसाठी. एका स्पर्धेत माझी देवी तीन तास रंगवली होती, आणि वधाच्या वेळी दिवेवाल्यानं मला न विचारता लाल दिला. ओठ गायब, कपाळावरचा मळवट गायब. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, रंगभूषा फिकी.

---

उजेडवाला । १४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

तो मी नव्हे.

---

मधला_अंक । २५ ऑगस्ट, रात्री ११:५५

रंगीत तालमीचा वृत्तांत. संमिश्र.

रंग आणला. दुकानदारानं आधी तशाच दिसणाऱ्या डबीतला भलताच स्वस्त रंग पुढे केला होता. डबी उलटी केल्यावर घटकच छापलेले नव्हते, परत दिला. कोपरावर चोवीस तास ठेवला, काही झालं नाही.

गोंधळ लावताना झाला. मदतीला आलेल्या मुलानं मी पोचायच्या आधी काकांना पांढरं फाउंडेशन लावून ठेवलं. त्याचं म्हणणं, भिंतीला आधी प्रायमर मारतात. त्यावर लाल थापला तर गुलाबी! स्ट्रॉबेरी आइस्क्रीम. तेल लावून पुसून पुन्हा सुरुवात, सव्वा तास गेला.

दुसऱ्यांदा जमलं. गर्जना करून रेघा मारल्या. अंबरमध्ये चेहरा असा काही पेटला की आम्हीच गप्प.

पण प्रल्हाद करणारा आठ वर्षांचा मुलगा काकांना बघून जो रडायला लागला तो थांबेचना. मांडीवर बसायला तयार नाही. काय करू?

---

रंगपेटी । २६ ऑगस्ट, सकाळी ७:२०

प्रयोगाच्या दिवशी त्याला पहिल्यापासून काकांशेजारी बसवा. पहिला लाल ठिपका त्याच्या बोटानं काकांच्या नाकावर लावू द्या. लहान मुलाला तयार राक्षस सहन होत नाही, पण स्वतः केलेला चालतो.

---

वेंगुर्ल्याचो_झील । २६ ऑगस्ट, सकाळी ७:४१

आमका कोणी बसवूक लागाक नाय. आमी चोरून बघूक जायचव आणि मामा मुद्दाम दात दाखवायचो.

---

त्वचेवाली । २६ ऑगस्ट, सकाळी ९:००

मुलाच्या बोटावरचा रंग लगेच पुसा, नाहीतर तेच बोट डोळ्यात जाईल.

---

मधला_अंक । ४ सप्टेंबर, रात्री १०:३०

झाला प्रयोग!

घाम खूप आला, तरी रंग हलला नाही. मध्यंतरात (म्हणजे भजन चालू असताना) काकांना पंख्यापुढे उभं करून टिश्यूनं नुसतं टिपत होतो. 'पुसू नका, टिपा' हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की विंगेतली पोरं मला टिपूसुलतान म्हणायला लागली.

खांब आमचा थर्माकोलचा, तो ठरल्यापेक्षा आधीच पडला. त्यामुळे गर्जना आणि अंधार यांची वेळ थोडी चुकली. पण अंबर वाढायला लागला आणि काळ्या तोंडाचं लाल तोंड झालं तेव्हा मागून कोणीतरी आजोबा मोठ्यानं म्हणाले, 'आई गं!' उजेडवाले, ही दाद तुमची.

प्रल्हाद न रडता मांडीवर बसला. उलट नाकावर लाल ठिपका आपण लावला हे तो पहिल्या रांगेतल्या मित्रांना खुणेनं सांगत होता, ऐन प्रार्थनेच्या वेळी. सोवळ्यावर डाग एकच, खांद्यापाशी.

उतरवताना खोबरेल तेल दोनदा, मग फेसवॉश. टॉवेल कायमचा गेला.

आणि एक. काका आज बँकेत गेले तर दुपारी मॅनेजरनं विचारलं, कान भाजले का? दोन्ही कानांच्या मागे लाल राहिलाय. घासून जात नाहीये.

---

रंगपेटी । ४ सप्टेंबर, रात्री १०:४१

घासू नका! कापसाला तेल लावून कानामागे दहा मिनिटं नुसतं धरून ठेवा, मग टिपा. राहिलेली झाक दोन-तीन आंघोळींत जाईल. फोटो टाका.

---

चकलीचा_सोऱ्या । ४ सप्टेंबर, रात्री १०:५८

अभिनंदन! आता माझा महिषासुर. तो हिरवा करायचा ठरलाय. उजेडवाले, आहात का?